मेणाला काव

मेणाचं कपाट आलं त्या दिवशी खळ्यात कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते. माझी सून होती. माझी थोरली जाऊ भिंतीला पाठ लावून बसलेली, तिचं गुडघं आता धरत न्हाईत. वरल्या वाडीतल्या दोघी बायका, आमच्याच बायकांच्या बचत संघातल्या. हुबळीकडची कॉलेजातली बाई, कन्नड बोलणारी, उन्हानं तोंड लाल झालेली. आन तिच्या जीपचा ड्रायव्हर, तो जीपमधनं खाली उतरलाच न्हाई. माझा मुलगा नव्हता. तो गोव्यात कंपनीत हाय, चतुर्थीला येतो. एवढीच माणसं. मागनं पुष्कळ जण सांगत फिरले की आमी बी होतो, पण ते नव्हते.

आमची वाडी दिग्गीच्या अलीकडं. रस्ता खाली हाय, घरं वर; उन्हाळ्यात वढा कोरडा असला तरच जीप खळ्यापर्यंत चढती. आमच्या रानात उप्पागी हाय. भिरंडाची, म्हंजे कोकमाची, थोरली भैन म्हणा. भिरंड उन्हाळ्यात पिकतं, उन्हात वाळतं, त्याचं काय दुखणं न्हाई. उप्पागी पिकती ती ऐन आषाढात. पिवळीधमक, मुठीएवढी, भोपळ्यागत फाका असलेली. पावसात भिजत वेचायची, बी काढायचं, साल चिरायची आन वाळवायची. ती काळी साल मासळीच्या कालवणाला लागती, व्यापारी बी नेतो. पण आषाढात आमच्याकडं पंधरा पंधरा दिवस ऊन दिसत न्हाई. मंग धुरावर वाळवायची.

त्यासाठी घरामागं खोप असती. आत बांबूची तट्टी बांधायची, खाली जाळ करायचा, वर साली पसरायच्या. लाकडं वली, त्यामुळं जाळ कमी आन धूरच जास्त. आन नुसतं पेटवून चालत न्हाई. सारखं परतावं लागतं, न्हाईतर खालची साल जळती आन वरची कुजती. म्हणून माणूस आत लागतं. आमच्यात ते माणूस म्हंजे बाई. माझी सासू बसायची. ती खोकून खोकून गेली, तवा कुणी धुराचं नाव घेतलं न्हाई, देवीचा कोप म्हणाले. मंग मी बसले. मुलाचं लगीन झालं आन मंग सून बसाय लागली. मी तिला कवा बस म्हटलं न्हाई. बसू नको बी म्हटलं न्हाई.

ती खानापूरकडची. आली तवा गालानं भरलेली होती, भात लावताना तिचा आवाज पलीकडच्या शेतापर्यंत जायचा. अकरा पावसाळं खोपीत काढलं तिनं. मंग चढ चढताना मधीच थांबाय लागली. मी म्हणायचे, काय झालं ग? ती म्हणायची, काय न्हाई, पायात काटा गेला. रोज कुठनं काटा येणार?

रामनगरला डॉक्टरकडं नेली. त्यानं छातीचा फोटो काढला, उजेडावर धरला आन मला विचारलं, "ही किती वर्सं बिडी ओढती?"

सून हसाय लागली. म्हणाली, "डॉक्टर, बिडी आमच्या मोठ्या आत्ती ओढतात. मी न्हाई."

मंग धुराचं सांगितलं. त्यानं फोटो खाली ठेवला. म्हणाला, "ह्याच्यापुढं एक हंगाम जरी ती धुरात बसली, तर मंग माझ्याकडं आणू नका. माझ्या हातात काय ऱ्हाणार न्हाई."

घरी येऊन मी जावंला हे सांगितलं तर ती बिडी विझवत म्हणाली, "बघा, ओढणारीला काय न्हाई आन न ओढणारीची छाती काळी. देवाकडं बी वशिला लागतो."

मंग उप्पागी सोडून द्या, असं तुमी म्हणाल. सोडता येत असती तर सासूच्या टायमालाच सोडली असती. भात घरी खायाला पुरतं. बाकी मीठमिरची, दवापाणी, नातीच्या शाळंचं, सगळं ह्या काळ्या सालीवर चालतं. म्हणून त्या चैत्रात बाई कपाट घेऊन आली तवा मी एवढंच बघत होते, की ह्यानं सून खोपीतनं भाईर निघती का. दुसरं काय मला त्यातलं बघायचं नव्हतं.

कपाट पत्र्याचं. आत जाळीच्या ताटल्या एकावर एक, वर वाफ जायाला भोक. बुडाला चार चपट्या पेट्या, बसायच्या पाटाएवढ्या, त्यात मेण भरलेलं, तोंडाला फिरवून आवळायचं आट्याचं झाकण. बाईनं सांगितलं, मेण वितळताना ऊब खाऊन घेतं आन परत गोठताना तीच ऊब हळूहळू सोडतं. वरल्या वाडीच्या दोघी एकमेकीकडं बघाय लागल्या. मला मातर लगेच उमगलं. भिरंडाच्या बियांचं तेल आमी काढतो, भिरंडेल म्हणतो त्याला, टाचंच्या भेगांना लावतो. ते कढवून वाडग्यात वतलं की आधी पातळ असतंय, मंग कडंनं पांढरं होत येतं. आन ते पांढरं होत असताना वाडगं किती तरी येळ कोमट ऱ्हातं. तेवढ्या येळात पाणी असतं तर गार झालं असतं. लहानपणी थंडीत आमी पोरी त्या वाडग्याला हात लावून बसायचो. मी हे बाईला सांगितलं तर ती उठून उभीच राहिली, कन्नडात म्हणाली, "अज्जी, हे तर तुमाला आधीपास्नंच ठावं हाय की!"

ठावं कसलं. हाताला ठावं होतं, एवढंच.

उन्हाळ्यात पेट्या उन्हात काचंखाली ठेवून तापवायच्या, आन पावसात न्हाणीच्या हंड्यात बुडवायच्या, असं ठरलं. न्हाणीची चूल आमच्यात पहाटंपास्नं पेटलेलीच असती, ती मागल्या पडवीला, धूर सगळा भाईर जातो. पेट्या तापल्या की कपाटात सरकवायच्या, साली पसरायच्या, दार लावायचं. आत माणूस नको, परतणं नको. चैत्रात भिरंड घालून बघितलं. झकास वाळलं. बाईनं फोटो काढलं. जाऊ म्हणाली, "चैत्रात तर माझी लुगडी बी झकास वाळत्यात." बाईला मराठी कळत न्हाई, ती हसली आन तिचा बी फोटो काढला.

आषाढ आला. पहिल्या दिवशी सून चार पाट्या उप्पागी घेऊन आली, रात पडायच्या आत आमी तिघींनी चिरली. सकाळी पेट्या हंड्यात उकळत ठेवल्या. दोन डाव भात शिजावा एवढा येळ. काढल्या, हलवून बघितल्या, तर आत गडगड वाजतंय. कडंचं मेण वितळलेलं आन मधी दगडागत गोळा. तशाच सरकवल्या. जेवायच्या आत कपाट गार. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी साली चिकट झाल्या आन एका ताटलीवर पांढरी बुरशी दिसली. रानात तर फळ पडतच होतं. ते काय आमच्या कपाटासाठी थांबतंय?

सून खोपीकडं बघत म्हणाली, "आत्ती, पेटवू काय?"

"थांब. बाईला इचारते."

फोन आमच्यात टेकडावरल्या धोंड्यापाशीच लागतो. मी इरलं घेऊन चढले, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. लागला. मी सांगितलं, मधला गोळा कच्चा ऱ्हातोय. पाऊस इरल्यावर खडखडत होता. बाई तिकडनं ओरडून म्हणाली, "मेणक्के कावु सालदु, अज्जी!"

"काय?"

"कावु! कावु सालदु! इन्नू स्वल्प कावु कोडबेकु!"

आन फोन तुटला. परत लागला न्हाई.

कन्नड मला येतं. बाजारात, बसगाडीत, जंगल खात्याच्या ऑफिसात, सगळीकडं तेच. सालदु म्हंजे पुरत न्हाई. इन्नू स्वल्प म्हंजे अजून थोडी. कोडबेकु म्हंजे द्यायला पायजे. ऱ्हाता ऱ्हायली काव. काव कुणाला ठाऊक न्हाई? तांबडी माती. चतुर्थीच्या आधी तुळशीला आन भिंतीच्या बुडाला आमी काव देतो. बोलतो बी तसंच, काव दिली का ग म्हणून. बाईचं बोलणं मला अगदी घरचं वाटलं. मेणाला काव पुरत न्हाई, अजून थोडी काव द्यायला पायजे.

सून म्हणाली, "आत्ती, मेणात माती?"

"ती कॉलेजातली हाय. तू न्हाईस, मी बी न्हाई."

"तरी बी."

"भांड्याच्या बुडाला माती लावतो तवा भांडं जळत न्हाई. तसलंच काय तरी असंल."

जाऊ म्हणाली, "काव देताय तर म्होरं रांगोळी बी घाला."

माळ्यावर काव ठेवलेली होती, चतुर्थीसाठी. मी पेट्यांचं मेण वितळवून पातेल्यात काढलं, काव घातली, पळीनं ढवळलं. आषाढातली माती, ती किती बी कोरडी म्हटली तरी वलीच. मेणात पडल्याबरोबर चुरचुर कराय लागली. मला वाटलं, काम कराय लागली. परत पेट्यांत भरलं तर मावंना, मातीनं जागा खाल्ली. मी दाबून दाबून झाकणं आवळली आन हंड्यात सोडली.

पहिली पेटी फुगली आन शिवणीला फाटली. मंग दुसरी. हंड्याच्या पाण्यावर तांबडी साय आली. ऱ्हायलेल्या दोन काढून बघितल्या तर माती सगळी तळाला बसलेली, घट्ट, आन वर मेणाचा पातळ थर. त्या नीट तापल्या न्हाईत, जेवढ्या तापल्या तेवढ्या बी लगेच गार झाल्या.

चिरलेली फळं पाट्यांत पडलेली. सुनंनं ती बघितली. माझ्याकडं बघितलं न्हाई. डोक्याला फडकं बांधलं आन खोपीत गेली. मी तिला त्या येळी आडवायला पायजे होतं. मी हंडा घासत बसले.

दोन दिवस ती आत होती. मी मधनं मधनं जायचे, ती म्हणायची, तुमी जावा, दोघींनी कशाला धूर खायाचा. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खोपीच्या दारात बसलेली होती, दोन्ही हात जमिनीवर टेकून. छातीतनं शिट्टीगत आवाज येत होता. वठ निळं. मी वरल्या वाडीला हाका मारल्या. बाप्यांनी कांबळ्याची झोळी केली, बांबूला बांधली आन खाली रस्त्यापर्यंत आणली. मी मागनं चालत होते. वढ्याला पाणी कमरंएवढं होतं, झोळी डोक्यावर उचलून घेतली त्यांनी. मला त्यातलं एवढंच सारखं दिसतं, तिचा एक हात झोळीच्या भाईर आलेला, सालीनं काळा पडलेला.

रामनगरच्या डॉक्टरनं बघितलं आन बेळगावला धाडली. आठ दिवस नाकात नळी. मुलगा गोव्याहून आला, तिच्या खाटंपाशी बसला. मी घरी आले तवा खोपीतला जाळ केवाच मेला होता. तट्टीवरची उप्पागी कुजून वघळली होती. ती मी पाटीनं वढ्यात नेऊन टाकली, पाच खेपा झाल्या.

सून घरी आली ती हातात फवारा घेऊन, तोंडात मारायचा. मी वाट बघत होते, आता बोलंल, मंग बोलंल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी ती तुळशीपाशी बसली आन म्हणाली, "आत्ती, चतुर्थीची काव सगळी मेणात घातलासा. आता तुळशीला काय द्यायचं?" आन हसली. हसताना खोकला आला.

बाई आली ती श्रावणात. जीप वढ्यापलीकडं ठेवून चालत आली, पायाला जळवा लागलेल्या. मी फाटलेली पेटी तिच्या म्होरं ठेवली. तिनं नखानं खरवडलं.

"इदु येनु, अज्जी?" हे काय, म्हणून.

"काव."

"काव?"

"तुमीच सांगितलासा की. कावु सालदु म्हणून."

तिनं पेटी बाजूला सरकवली. मंग पायरीवर बसली. म्हणाली, तिच्याकडल्या कन्नडात कावु म्हंजे ऊब. कोंबडी अंड्यावर बसून देती ती. मेणाला ऊब पुरत न्हाई, अजून थोडा येळ तापवा, एवढंच तिला सांगायचं होतं. आमच्या बाजारच्या कन्नडात तापलेल्याला बिशी म्हणतात. बिशी पाणी, बिशी चहा. कावु मी जन्मात ऐकलं नव्हतं.

जाऊ म्हणाली, "कोंबडीला इचारायचं होतंस."

बाईला सुनंचं सांगितलं. तिनं चहा तसाच ठेवला, गार झाला. म्हणाली, चूक तुमची न्हाई, मी आषाढात इथं ऱ्हायला पायजे होतं. मी म्हटलं, चूक कुणाची ते ठरवून छाती बरी व्हत न्हाई. आता त्या मधल्या गोळ्याचं काय करायचं ते बोला.

मंग तिनं नीट सांगितलं, हातानं दाखवून. मेण ऊब पुष्कळ साठवतं, पण आत पुढं सरकू देत न्हाई. कडंला वितळलं तरी मधी पत्ताच नसतो. म्हणून मेणात असलं काय तरी पायजे की जे ऊब आतपर्यंत नेईल. आन ते तळाला बसता कामा नये. आन मेण वितळल्यावर वघळू बी नये. मातीनं ह्यातलं एक बी व्हत न्हाई.

मी म्हटलं, कोळसा तेल पितो. सांडलेल्या भिरंडेलात कोळसा पडला तर तेल दिसत न्हाई, सगळं पिऊन टाकतो.

ती म्हणाली, दावा.

दावला. आमी व्हायनात, म्हंजे दगडी उखळात, कोळसा कुटला, चाळला, तव्यावर कोरडा भाजला, ह्या खेपंला वल ठेवली न्हाई. वितळलेल्या मेणात घातला. कोळशानं मेण वढून घेतलं, परत तापवलं तरी सोडंना. पण ऊब आत नेण्यात कोळसा बी तसा मंदच. बाई पुढच्या खेपंला कॉलेजातनं एक काळी पूड घेऊन आली, बोटाला गुळगुळीत, पेन्शिलीत असती तसली. ती ऊब पळवती म्हणाली. कोळशानं मेण धरायचं आन पुडीनं ऊब आत न्यायची. पण किती घालायचं ते काय लगेच जमलं न्हाई. कोळसा जास्त झाला की मेणाला जागा कमी, पेटी लगेच गार. मेण जास्त झालं की परत मधी गोळा. करवंटीनं मापून मापून घातलं, कवा पाऊण करवंटी, कवा अर्धी. पेट्या काठोकाठ भरायच्या न्हाईत हे बी तवा कळलं, कारण वितळताना मेण फुगतं. चतुर्थी झाली, दिवाळी झाली. माझ्या हाताच्या रेघांतनं काळं जाईना. नातवंडं शिवू देईनात.

पुढच्या आषाढात बाई स्वतः आली आन सहा दिवस आमच्यात राहिली. गोळा वाजंना झाला. न्हाणीचं पाणी तापंपर्यंत पेट्या तयार. सकाळी पेट्या सरकवलेलं कपाट दुपार कलली तरी हाताला ऊन लागायचं. साल वाळली, काळी झाली, बुरशी न्हाई. बाईनं डोळं पुसलं. मी पुसलं न्हाई, कारण पाट्या मोजत होते.

कपाटात एक पाटी बसती. आमची रोजची उप्पागी चार पाट्या. एक कपाटात वाळती, तीन ऱ्हातात. एवढीच त्याची ताकद. बाई म्हणती, मोठं करू, पेट्या वाढवू, पण मोठ्या पेटीत मधला गोळा परत येतो, त्यावर अजून काम चालू हाय.

तवर ह्या तीन पाट्यांसाठी खोपीत मी बसते. सून दारापर्यंत येती, म्हणती, आत्ती, घटकाभर मी परतते. मी तिला हाकलते. मला धूर नवा न्हाई. डोळ्यांनी आता कमी दिसतं, दम लागतो, पण बसून परतायचं काम, व्हतंय. ह्या सालचा आषाढ बी मीच काढला. चढ चढताना आता मी थांबते, आन ती इचारती काय झालं, आन मी सांगते पायात काटा गेला.

अजून किती आषाढ निघतील मला ठावं न्हाई. दोन निघतील, चार निघतील. मी ऱ्हायले न्हाई की ती फडकं बांधून आत जाणार, हे मला ठावं हाय, कारण फळ पडायचं थांबत न्हाई.

बाई म्हणाली, हे सगळं लिहा, कुणी तरी वाचंल. मी तिसरीपर्यंत गेलेली, म्हणून असं लिवलंय. तर जे कोण वाचत असाल आन ज्यांना ह्या मेणाचं, पुडीचं काम कळतं, त्यांना माझं एकच सांगणं हाय. चार पाट्या मावतील एवढं कपाट करा, ज्यात मधला गोळा ऱ्हाणार न्हाई. करून झालं की चैत्रात आणू नका. आषाढात घेऊन या, आन वाळंपर्यंत इथंच ऱ्हावा. जेवायची आन झोपायची सोय मी करते.